न धुतलेल्या अकरा

बाणावलीचा एल्टन फुर्तादो. बाप तारवटी होता.
घरातली एक अख्खी खोली, सांगतो,
गोव्यातल्या बंद पडलेल्या क्लबांना दिली आहे.
आमचा तेवढा राहिलाय.
सातेरी मायनिंग, सावर्डे.
निळी जर्सी, पांढरी कॉलर, छातीवर दोन फावडी.

मी खेळलो नाही कधी.
मी धुवायचो. बावीस सीझन.

मैदानाला लागूनच खाणीचा रस्ता.
ट्रक गेला की हाफबॅक दिसायचा नाही,
फक्त त्याची शिवी ऐकू यायची.
ती धूळ साबणाला जुमानत नाही. गंज आहे तो.
बिंबलं लागतात, ठेचून, मिठाबरोबर,
आणि दुपारचं ऊन, आणि माझ्यासारखा
दुसरं काही न येणारा माणूस.
पांढऱ्या कॉलरी मी पांढऱ्या ठेवल्या.
याचा कप कुणी देत नाही.

ट्रंकेवरचे नारळ कुमुदने खाली उतरवले.
“बारा वर्षं मी यावर नारळ ठेवतेय,” एल्टनला म्हणाली,
“त्याचंही भाडं धर.”

कलकत्त्याच्या पाहुण्या क्लबाची झालरवाली पताका गेली.
फातोर्ड्याच्या फायनलची तिकिटं, फाटकी, सत्तावीस,
तीही गेली. त्यांत एक कुमुदचं.
त्या दिवशी ती मॅच सोडून, चणे खात,
साइडलाइनवर माझ्याकडे बघत होती.
आता आठवत नाही म्हणते.
चुन्याचा रोलर भंगारात देणार होतो, त्याला तोही हवा.
मिंगेलचे ग्लोव्हज मात्र दिले नाहीत.
मिंगेल स्विंडनला, गोदामात रात्रपाळी करतो,
तरी ग्लोव्हज त्याचे.
विचारल्याशिवाय कसे विकू?

मग तळाचं गाठोडं.
शेवटच्या मॅचचं. खाणी थांबल्या होत्या,
मॅनेजरने ड्रेसिंगरूममध्येच सांगून टाकलं, पंखा बंद करता करता.
जर्स्या नेहमीसारख्या माझ्या अंगावर येऊन पडल्या.
एकटा सालू घडी करून द्यायचा, चिखलासकट,
त्या दिवशीही दिली.
पुढची मॅच कधी, हे विचारायची माझी सवय.
विचारलं नाही. धुतल्याही नाहीत.

एल्टनने गाठ सोडली आणि आवाज खाली आणला,
इगर्जीत शिरल्यासारखा.
“धुतलेल्या नाहीत?”
नाही.
“एकदाही?”
आकडा त्याने जागच्या जागी दुप्पट केला.
मातीचे पैसे आहेत, पात्रांव, म्हणाला, घामाचे आहेत.
फक्त एका कागदावर लिहून द्या, सहीसकट,
की मी, क्लबाचा किटमन,
या अकरा जर्स्या मी धुतलेल्या नाहीत.

बावीस सीझनांत माझी सही कुणी मागितली नव्हती.
केली. अक्षर जरा हललं.
सोमवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.
कुमुदने मनातल्या मनात नवा मिक्सर घेतला,
मी मागच्या पडवीची कौलं मोजली.
खोटं कशाला बोलू, पैसे हवे आहेत.

पण रविवारी पहाटे मी बिंबलीखाली होतो, टोपलीभर वेचत.
दहा जर्स्या चुरगळलेल्या, त्या तशाच बांधल्या.
अकरावीची, सहा नंबरची, घडी चिखलात वाळून पुठ्ठ्यासारखी,
उलगडताना तिचा आवाज झाला.
पाणी आधी विटेच्या रंगाचं, मग चहाच्या,
मग मी मोजायचं सोडलं.
कुमुद दारात येऊन उभी राहिली.
किती रुपयांचं धुतोयस, एवढंच विचारलं
आणि मीठ कमी पडेल म्हणून बरणी आणून ठेवली.

उद्या एल्टन मोजेल. दहा भरतील.
कागदावरचे अकरा खोडू, शेजारी पुन्हा सही करीन,
हात आता सरावलाय.
आणि एक कुठाय विचारलंस तर, बाबा, मागे जा,
दोरीवर आहे, उन्हात.
हात लावू नकोस. कॉलरीवर अजून थोडं राहिलंय.