उजव्या कोपऱ्यातला पंखा

सभा सहाची. मी साडेचारलाच हॉल उघडला,
चरईतला, दुसऱ्या मजल्यावरचा,
जिथे उजव्या कोपऱ्यातला पंखा
पंचमाच्या किंचित खाली गुणगुणतो.
मला कुठे कळतंय, आल्बूमास्तरांनीच सांगितलं होतं,
"बाबल्या, तो बंद कर,
नाहीतर मला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागेल."

मी साउंडवाला. एकतीस वर्षं
त्यांच्यासमोर माइक लावला, एवढंच.
मँडोलिनला वीतभर लांब, भोकाच्या जरा बाजूला.
व्हायोलिनला वरून, गजाला धक्का न लागेल असा.
बेंजोला कुठेही ठेव, म्हणायचे,
तो बेशरम आहे.

चेंदणीच्या कोळणी आल्या, आज केसांत अबोली नाही.
जनाबाय बोलायला उभी राहिली:
माझ्या तिन्ही पोरींच्या हळदीला यानंच बेंजो वाजवला,
पहाटे चारपर्यंत.
धाकटीच्या वेळी तार तुटली,
तर उरलेल्या तारांवर रेटलं, नवरीलाही कळू दिलं नाही.
बेंजोवाला होता आमचा.
बाकीचे काय सांगतील ते सांगूदे.

मग दातार, नौपाड्याच्या भजनी मंडळाचे.
बेंजो म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला बारीक आठी.
दिलरुबा, म्हणाले. काकडआरतीला
अंधारात सायकलवर दिलरुबा बांधून यायचे फरगोज,
बसायच्या आधी गळ्यातला क्रूस
सदऱ्याच्या आत सरकवायचे.
कुणी सांगितलं नव्हतं तसं.
राहू द्या की बाहेर, हे आम्ही सांगायला हवं होतं.
पंचवीस वर्षं
राहून गेलं.
खाली बसताना त्यांनी चष्मा काढला
आणि हातातच ठेवला.

राबोडीचे इस्माईलभाई दोनच वाक्यं बोलले.
कव्वालीत दोन टाळ्यांच्या मधे जी फट असते ना,
त्यात तो मँडोलिनचा एकच सूर सोडायचा, मोत्यासारखा नाही,
खिशातून पडलेल्या चिल्लरसारखा. सगळे वळून बघायचे.

तलावपाळीच्या चर्चमधल्या फिलोमिनाबाई
व्हायोलिनबद्दल बोलणार होत्या,
कागद आणला होता. तो घडी घालून
परत पर्समध्ये ठेवला.

लोकमान्यनगरच्या पोराला मी ओळखत नव्हतो.
हातात इलेक्ट्रिक गिटारची काळी पिशवी, कडा उसवलेल्या.
मास्तर फी घ्यायचे नाहीत, म्हणाला,
दर रविवारी बोटांची टोकं चाचपून बघायचे.
घट्टे मऊ झाले असले
तर त्या दिवशी शिकवायचे नाहीत, नुसता चहा.
त्याने डावा हात वर धरला,
आम्हाला दाखवायला का कुणाला,
आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

एका माणसाची शोकसभा
आणि हॉलमधे पाच जण वारलेले.
कोपऱ्यात दोघे-तिघे हळू आवाजात भांडतही होते,
त्याचं खरं वाद्य कुठलं यावर.

माझ्या खिशात पेन ड्राइव्ह होता.
त्यात यांच्यापैकी कुणाचंच काही नाही.
कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीची मिनिटं आहेत,
मी चोरून भरलेली:
खुंटी पिळल्याचा लाकडी करकरीत आवाज,
तार चढते, चुकते, उतरते,
मधेच खोकला, "चहात साखर कोणी घातली रे,"
पुन्हा तार, पुन्हा जरा कमी,
आणि शेवटी दरवेळी तेच,
"हं. आता लाव."
तिथे मी रेकॉर्डिंग बंद करायचो.
ऐकवावं असं ठरवून आलो होतो.
नाही ऐकवलं.

सगळं आवरताना ध्यानात आलं,
माइक मी सवयीने
खुर्चीत बसून मांडीवर वाद्य घेतलेल्या माणसाच्या
उंचीला लावला होता.
म्हणजे जनाबाय वाकून बोलली,
दातारांची कंबर धरते, तरी तेही,
इस्माईलभाई, तो पोरगा, सगळेच.
कुणी वर कर म्हणालं नाही.

फक्त मधे एकदा, मे महिन्याची ती घामट संध्याकाळ,
मागून कोणीतरी ओरडलं,
अरे, तो कोपऱ्यातला पंखा लावा की.
मी म्हटलं, बिघडलाय.