लायनिंग

पुढच्या रिमला बत्तीस भोकं, मागच्या रिमला चाळीस.
जेल रोडच्या गॅलरीत पेपर पसरून
तारा सोडवत बसलो तेव्हा कळलं.
इतकी वर्षं कॅरियरवर बसून शाळेत गेलो,
मोजली नव्हती.

निपल दोन रात्री रॉकेलमध्ये.
सात तरीही सुटले नाहीत, ते कापले.
दूध बाजारातले इलियास मिस्त्री म्हणाले,
नवी रिम घ्या ना साहेब, घासाई महाग पडेल.
आणि घासलीच, तर आतल्या अंगाला रंग मारू नका,
ब्रेकचं रबर बसतं तिथे,
पहिल्या उतारालाच खाऊन टाकतं.

शंभर नंबर, दोनशेवीस, मग पाण्यातला चारशे.
गंज तपकिरीसारखा नाकात गेला.
काळ्याखाली काळा, त्याखाली पुन्हा काळा,
आणि मग एक हिरवी रेघ,
कोथिंबिरीच्या काडीएवढी.

आई आतून येऊन वाकली. म्हणाली, ही माझी.
तुझ्या पाळण्याला लावून उरला होता रंग.
तात्यांनी सायकल उलटी केली, ते चाक फिरवायचे,
ब्रश माझ्याकडे.
हात हलवायचा नसतो,
चाकानं यायचं असतं हाताकडे.

मग इथे कशी चुकली?
व्हॉल्वच्या भोकापाशी रेघेची दोन टोकं
शिताएवढं अंतर ठेवून
एकमेकांच्या बाजूने निघून गेलीत.

प्रेसचा भोंगा झाला, ती म्हणाली.
ते वर बघायला लागले.

रेड ऑक्साइडचे दोन हात, काळ्याचे तीन.
रिमा चार दिवस टॉवेल-बनियनांशेजारी दोरीवर,
जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात
एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये उशीचा अभ्रा.
खालच्या खैरनारांनी विचारलं, पापड आहेत का.

शालिमारला हिरवा मिळाला तो तोच नव्हता,
जवळचा होता.

आता आईचा हात थरथरतो,
म्हणून चाक तिच्याकडे, ब्रश माझ्याकडे.
स्टुलावर बसून ती एका बोटाने ढकलत राहिली,
तार, तार, तार.
मी श्वास धरलेला.
व्हॉल्व आला तशी तिने चाक थांबवलं,
अर्ध्या इंचावर.

अजून थोडं, मी म्हणालो.
ती गॅलरीबाहेर बघत होती,
प्रेस होती त्या अंगाला.

आतल्या अंगाला रंग मारलेला नाही.
चाक जोरात फिरवलं की रेघ अख्खी दिसते.
मिस्त्रींचे साठ रुपये द्यायचे राहिलेत.