चौदा नंबरची सुई

भिंतीपलीकडे त्सियालाचं मशीन थांबलं
की मला कळतं, ती आता फोनपुढे बसली आहे
सुयांबद्दल बोलायला.
कुताइसीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत
रात्री रिओनी नदी आणि ही बाई,
दोघींचाच आवाज.

मार्चमधलं आधी सांगते,
कारण ती सांगायचं टाळते.
पडद्यावर एक गुळगुळीत माणूस,
मागे समुद्र, मनगटावर घड्याळ,
आणि कोपऱ्यात दुसरं घड्याळ, उलटं पळणारं:
सातच जागा उरल्या, अकराच मिनिटं.
पान पुन्हा उघडलं की पुन्हा अकरा.
हे नंतर कळलं. नंतर सगळंच कळतं.
तीनशे लारी भरा, दोन माणसं आणा,
झोपेतही पैसे येतील.
त्सियालाने भरले.
आठवड्यात वीस परत आलेही.
आवळा ठेवला त्याने तिच्या हातावर
आणि ती मला घेऊन आली, कोहळ्यासकट.
पहाटे तीनला बेकरीची भट्टी पेटवून
साठवलेले माझे तीनशे
सात दिवसांत गेले. समुद्रही गेला, माणूसही.

तिने माफी मागितली नाही.
माझे पडदे शिवले. कोट उसवून उलटा केला.
मुलगी इटलीला निघाली, तिच्या कंबरेला
पैसे ठेवायचा चोरखिसा लावून दिला.
प्रत्येक कामाची रक्कम कॅलेंडरच्या पाठीवर
लिहून वजा करत गेली.
एकोणसाठ बाकी आहेत, तिच्या हिशोबाने.
माझ्या हिशोबाने केव्हाच फिटले,
पण हिशोब तिचा आहे.

नोव्हेंबरात म्हणाली, नानुली, पुन्हा काहीतरी सुरू करतेय.
मी पिठाचे हात कानांवर ठेवले.

या वेळी भरायचं काही नव्हतं.
आणायचं कुणाला नव्हतं.
दुकानाने एक लिंक दिली होती, बस.
बाकी तिचं तिलाच लिहायचं होतं,
चाळीस वर्षं बोटांना टोचलेलं:
जीनला सोळा, सुती कापडाला चौदा,
रेशमाला अकरा, आणि रेशमापुढे घाई नको.
निळ्या डबीतली सुई स्वस्त आहे,
तिसऱ्या दिवशी बोथटते. घेऊ नका.

‘घेऊ नका’ म्हणणारी विक्रेती
मी पहिल्यांदा पाहिली.

एका ओळीवर मात्र रात्रभर अडली:
‘इथून घेतलंत तर दुकान मला थोडं देतं.
तुम्हाला जास्त पडत नाही.’
आधी तळाशी, बारीक.
मग पुसली. मग पुन्हा.
मी कामावर निघाले तेव्हा दार उघडून दाखवली,
सगळ्यात वर, ठळक.
म्हणाली, ही आतल्या बाजूची शिवण.
जाणतं गिऱ्हाईक कपडा उलटा करून आधी हीच बघतं.

पाच महिने झाले.
अकरा लारी, चाळीस तेत्री.
पन्नास झाल्याशिवाय पाठवत नाहीत.
मी म्हटलं, त्या लबाडाने निदान आठवड्यात दिले होते!
मी एकटीच हसले.

बातुमीहून कुणी लिहिलं, तुमची सोळा नंबर मोडली.
तिने दोन दिवस त्याच सुईने
जुन्या जीनचे पाय शिवले, उसवले, शिवले.
मोडली.
ती ओळ काढून टाकली, कमिशनसकट.

परवा मीच गुपचूप एक पाकीट मागवलं,
तिच्या लिंकवरून.
मी बेकरीत, म्हणून पोस्टमनने ते
शेजारी दिलं. तिच्याकडे.
संध्याकाळी दारात उभी, पाकीट हातात.
नानुली, तुझ्याकडे मशीन आहे?
नाही.
मग हे परत जाईल.

चार मजले मीच उतरले.
अकराचे पुन्हा दहा झाले असतील कदाचित.
वर येईपर्यंत ती कुणाला तरी सांगत होती
दमलेल्या, चिडक्या आवाजात:
आधी कापड कुठलं ते सांगा.
नाही, आधी कापड.