पतंगाचं माहेर

रात्री आठनंतर मोसंबीच्या ओळींतून
मी न् आसराबाई बॅटरी घेऊन फिरतो.
आधी पतंगाचे डोळे दिसतात,
पेटत्या विडीच्या टोकासारखे, फळाला चिकटलेले.
ती चिमटीत धरते, साबणाच्या पाण्यात टाकते.
मोजत नाही.

बांधावर ओल्या गवताचा धूर.
वारा शहागडकडून, गोदावरीवरून आला
की तो आमच्याच डोळ्यांत.

टोचलेलं फळ वरून ठीकच असतं.
अंगठ्यानं दाबलं की कळतं.

परवा कृषी सहायक सांगून गेला:
अळी मोसंबीवर नसतेच,
तिचं माहेर बांधावरची वासनवेल, गुळवेल.
उपटून टाका.

आसराबाईनं विळा खाली ठेवला.
"हिच्याच काढ्यानं
माझ्या लेकराचा ताप उतरलाय. कामून उपटू?"

सकाळी वासनवेल काढली, मुळासकट.
गुळवेलीपाशी मात्र ती उकिडवी बसली,
पान न् पान उलटून
अळ्या वेचत.
"हिला ऱ्हाऊ द्या. मी बघते रोज."

कडुलिंबावर ती वेल अजून आहे.
रात्री धुरातून
एखादा पतंग निसटतो,
तेव्हा मी बॅटरी खाली करतो
आणि तिच्याकडे बघत नाही.