विसावी

नाबर म्हणाले, एकोणीसवर थांबा.
विसावं नाव हजेरीपटावर चढलं की फंड लागू होतो,
आणि एकदा लागला की लागला,
पुन्हा एकोणीस झाल्या तरी उतरत नाही.
बिस्कीट चहात बुडवत म्हणाले.
सावंतवाडीहून एसटीने येतात, फी रोख घेतात,
पावती मागितली तर हसतात.

म्हणून एकोणीस.
मोचेमाडच्या सात, दाभोलीच्या पाच,
बाकीच्या उभादांड्याहून चालत.
एकोणीस कटर, एकोणीस पाट,
राखेची एकोणीस भांडी.

सुलोचना रेडकर विसावी.
घाईत उच्चारलं तर विसावा ऐकू येतो.
तिची हजेरी मी दुधाच्या वहीत लिहीत आले:
सोमवार, दीड लिटर, सुलोचना.
मंगळवार, दीड लिटर, सुलोचना.
बुधवार, दूध नाही, सुलोचना.
मधे गवळ्याने रतीब बंद केला,
वही चालू राहिली.
सहा वर्षं.

तशी आमच्या घराला कागदाची सवय आहे.
घरपट्टीच्या उताऱ्यात ही शेड अजून गोठा आहे,
सासऱ्यांनी लावलेला, मी बदलला नाही,
गोठ्याला पट्टी कमी.
सातबाऱ्यावर अकरा नावं. चार वारलेली.
पाचवा बाबलकाका, बोटीवर कामाला म्हणून कराचीला गेला
तो कुणालाच परत दिसला नाही.
तलाठी म्हणतो, राहू दे नाव,
काढायचं तर मृत्यूचा दाखला आणा.

शिमग्याच्या आधल्या आठवड्यात साहेब आला.
कुत्रं भुंकायच्या आत सुलोचना उठली होती.
मी तिला शिकवलं नव्हतं.
म्हणजे, एकदाच सांगितलं होतं.
तिने एप्रन काढून खिळ्याला लावला, पदर सारखा केला,
विहिरीकडून वळसा घालून
माझ्या ओटीवर खुर्चीत येऊन बसली,
पाठ न टेकता, कडेला.

साहेबाने शेडमध्ये दोनदा मोजलं.
मग ओटीवर आला. या कोण?
पाहुण्या, मी म्हणाले.
आणि पाहुणी म्हटल्यावर
सोनेरी काठाच्या कपबश्या काढाव्या लागल्या,
दोघांना सारख्या.
सुलोचनाने कप उचलला.
अंगठा आणि दोन बोटं चिकाने काळी,
सालं निघालेली,
खोबरेलाने न जाणारी.
साहेब बराच वेळ कपाकडे बघत होता.
म्हणाला, तुमच्याकडे पाहुण्यांना फार काम पडतं.
सही केली. गेला.

तिने दोन्ही कप विसळून पालथे घातले
आणि पाटावर जाऊन बसली.
अर्ध्या तासाचे पैसे कापायचे का,
असं माझ्या मनात आलं.
आलं, म्हणून लिहिते.

रात्री हिशेब मांडला.
वीसही जणी, वर माझा वाटा,
पाव किलोच्या पुड्यामागे दोन रुपये चाळीस पैसे.
पुन्हा केला. तेवढेच.
नाबरांना फोन लावला तर म्हणाले,
वहिनी, भावनेच्या भरात फॉर्म भरू नये.
दुधाची वही समोर उघडी होती.
मी विचारलं, मागच्या सहा वर्षांचं काय?
ते म्हणाले, कुठली सहा वर्षं?

सोमवारी तिला घेऊन बाजारातल्या केंद्रात गेले.
पोरगा म्हणाला, अंगठा ठेवा.
लाल दिवा.
पुसून ठेवा. लाल.
डावा ठेवा. बोटं ठेवा. एकेक करून दहा.
स्पिरिटचा बोळा आणला, आपल्या शर्टाला काच पुसली,
मग भिंग लावल्यासारखा वाकून बघत राहिला.
रेषाच नाहीत हो काकी, म्हणाला.
मशीनला तुम्ही कोण ते कळत नाही.

मागे रांग होती. कुणीतरी खोकलं.
सुलोचनाने हात पदरात घेतला, माझ्याकडे बघितलं,
आणि हसून,
खरंच हसून म्हणाली,
बाय, आदी सांगलंस असतंस
तर अंगठो जपान ठेवलो असतो.