वॉल्व्हमन

डॉक्टर गुंजीकरांनी पाठकोऱ्या कागदावर
तीन रकाने आखून दिले.
तीन अधिक चार, सात, म्हणाले,
घाई नाही, पण फार रेंगाळूही नका.

ऑपरेशन: गाठ जाईल,
लघवीवरचा ताबा काही महिने जाईल. एखाद्याचा कायमचा.
शेक: दीड महिना रोज, शनिवार-रविवार सुटी,
पुढे कधीतरी शौचाला रक्त.
नुसतं लक्ष ठेवणं: दर तीन महिन्यांनी तपासणी,
आणि मधले एकोणनव्वद दिवस.

मी पर्वतीच्या टाकीवर बत्तीस वर्षं.
पहाटे चारला लोखंडी चावी खांद्यावर टाकून
पेठांचं पाणी सोडायचो, बंद करायचो;
कुठल्या गल्लीला किती आटे, हाताला पाठ.
आता म्हणे डायपर.
मोठ्या माणसांचे. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात.

एक ओळ डॉक्टरांनी हळू वाचली,
'वैवाहिक संबंध', आणि चष्मा पुसला.
कुमुदिनी शेजारीच होती.
पिशवीतले रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत राहिली.

येताना सारसबागेच्या सिग्नलला
रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली,
तुमचं घोरणं होतं का हो त्या यादीत?
ते जाणार असेल तर लगेच सही करा.
मी इतका हसलो की
ओलं झाल्यासारखं वाटलं.
हात लावून पाहिलं. नव्हतं.

कागद आता फ्रीजवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.
मधल्या रकान्यावर
पेन्सिलीची बारीक खूण आहे.
मी केलेली नाही.