सर्वनाम

चांदीच्या किती कड्या, किती खुंट्या,
फळ्या किती हात लांब —
देवाच्या तंबूचं हे माप
जेरबा बेटावरचा खल्फोन दरसाल वाचतो
सोनाराच्या डोळ्यांनी;
वजनात चूक सापडते का बघतो.

यंदा बोट अडलं एका सर्वनामावर.
घर बांधा, म्हणजे मी राहीन...
'त्यात' हवं होतं.
लिहिलंय 'त्यांच्यात'.

लेखनिकाची डुलकी म्हणावी
तर पेटीतल्या साती गुंडाळ्या तशाच.

बाहेर ऑलिव्हच्या घाण्याचा उंट थांबला.
खल्फोनने तराजू पुसला,
दोन्ही पारडी रिकामी ठेवून
कितीतरी वेळ पाहत राहिला
काटा का हलतोय.

मग काळवंडल्या नखांनी
छातीवर टकटक केली,
पाहुणा आत आहे की दारात, न कळून —

"जरा पसारा आहे," म्हणाला.